येशू ‘देवाचा एकुलता एक पुत्र’ म्हणजे देवाला खरंच मुलगा झाला का? (साताऱ्यात बसस्टँडवर मिळालेल्या पत्रकात वाचलं)

नाही, शरीराने झालेला मुलगा असा अर्थ कॅथलिकही घेत नाहीत आणि प्रोटेस्टंटही. बायबलमध्ये हे नातं बऱ्याच जणांना लावलंय: निर्गम ४:२२ मध्ये अख्खं इस्राएल देवाचा ‘ज्येष्ठ पुत्र’ आहे, स्तोत्र २ मध्ये गादीवर बसणारा राजा, आणि लूक ३:३८ मध्ये थेट आदाम. तिथे मुद्दा जवळिकीचा आणि अधिकाराचा. योहान ३:१६ मधल्या ‘एकुलता एक’साठी मूळ ग्रीक शब्द ‘मोनोगेनेस’ आहे. हाच शब्द इब्री ११:१७ मध्ये अब्राहामाच्या मुलासाठी, इसहाकासाठी येतो, आणि अब्राहामाला इश्माएल तर आधीच झाला होता! म्हणजे इथे डोकी मोजायची नाहीत, ‘त्याच्यासारखा दुसरा नाही’ असं वाचायचं. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेने पुत्र ‘निर्माण केलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा’ असं ठरवलं. ‘यहोवाचे साक्षीदार’ हा पंथ मात्र हे मानत नाही. त्यांच्या मते पुत्र ही देवाची पहिली निर्मिती. तेव्हा पत्रक कुणाचं आहे ते आधी बघा. आणि त्यात ‘तुम्हीही देवाची मुलं’ असं असेल, तर ते बहुधा आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाच्या ‘रोमकरांस’ या पत्रातल्या ८:१५ वरून. तिथला शब्द ‘दत्तकपण’ आहे. सातारकराला दत्तक वेगळं समजवायला नको, १८४८ साली दत्तक नामंजूर करूनच इंग्रजांनी गादी खालसा केली. पौल नेमका उलटा निकाल देतो: दोन वचनं पुढे, ८:१७ मध्ये, हे दत्तक पुरते वारस आहेत.