चांद्रयान ३ पृथ्वीशी बोलायचं कसं?

प्रश्न: चांद्रयान ३ सोबत नवीन ऑर्बिटर (चंद्राभोवती फिरत राहणारं यान) पाठवलाच नव्हता, मग प्रज्ञान रोव्हरचा (चंद्रावर फिरणाऱ्या छोट्या गाडीचा) डेटा आपल्यापर्यंत यायचा कसा?

उत्तर: प्रज्ञान थेट पृथ्वीशी बोलतच नव्हता! तो फक्त विक्रम लँडरशी (त्याला घेऊन चंद्रावर उतरलेल्या यानाशी) बोलायचा आणि विक्रम पुढे बंगळुरूजवळच्या ब्याललूला, तिथे इस्रोची ३२ मीटर व्यासाची मोठी डिश आहे. अंतर सरासरी ३,८४,००० किमी, म्हणजे सिग्नलला एका बाजूने सव्वा सेकंदाहून थोडं जास्तच लागतं, त्यामुळे लँडिंगच्या वेळी खालून कंट्रोल करत बसणं शक्यच नाही, यानालाच स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं. बॅकअपला चांद्रयान २ चा ऑर्बिटर होताच, २०१९ पासून चंद्राभोवती फिरतोय बिचारा, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने नव्या विक्रमशी संपर्क जोडला. मला तर हे फार भारी वाटतं, कारण २०१९ ला चांद्रयान २ च्या जुन्या विक्रमचा संपर्क चंद्रावर उतरतानाच तुटला होता तेव्हा सगळी मोहीमच फेल गेली असं लोक धरून चालले होते.

प्रश्न: मग नंतर संपर्क का गेला?

उत्तर: रात्र झाली. चंद्रावरची रात्र आपल्या १४ दिवसांची, सोलर पॅनल बंद आणि थंडी अशी की बॅटरी, इलेक्ट्रॉनिक्स टिकणं अवघड. सप्टेंबरमध्ये ऊन आल्यावर इस्रोने हाका मारून पाहिल्या, पण उत्तर आलं नाही.