बोटावरचा ९६

प्रश्न : सिस्टर, माझे बाबा (वय ७१) न्यूमोनियामुळे एका खासगी दवाखान्यात भरती होते. संध्याकाळपासून चादर ओढत होते, भलतंच बोलत होते. बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ दिसत होतं, म्हणून "झोप नाही झाली, बरळून राहिले" असं सांगून आम्हाला बसवलं. पहाटे आयसीयूत न्यावं लागलं. आता घरी आहेत. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सांगितल्यावर कुणीतरी खाटेपाशी यायला हवं होतं.

ऑक्सिजन लावलेला असला की ९६ फसवतो. नळी आकडा धरून ठेवते, माणूस मात्र धापा टाकत असतो. म्हणून श्वास मोजायचे. पोटावरच्या चादरीकडे बघत, पूर्ण एक मिनिट. मोजतोय हे पेशंटला कळू देऊ नका, कळलं की श्वास बदलतो. मी नाडी धरल्याचं नाटक करायची. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. २० च्या वर गेले की सिस्टरला सांगा, २५ झाले की डॉक्टर लगेच हवेत.

गंमत म्हणजे चार्टवर हाच रकाना सगळ्यात खोटा असतो. ओळीने २०, २०, २०. नवीन असताना मीही लिहिलेत. एका रात्री एक आजी मागेच लागली, "सिस्टर, आमचा बुढा असा नाही जी, काहीतरी बिघडून राहिलं." वैतागून गेले, मोजले तर ३२. चार्टवर माझ्याच अक्षरात २० होते.

बरळण्याचं म्हणाल, तर ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची पेशंट किती बिघडलाय याचे गुण देण्याची एक पद्धत आहे, २०१२ ची; गुण जास्त तेवढा धोका जास्त. २०१७ च्या सुधारणेपासून तिच्यात नव्याने सुरू झालेल्या गोंधळाला ३ गुण आहेत, २५ श्वासांना आहेत तेवढेच. तेवढ्या एकाच गोष्टीवर डॉक्टरांनी तातडीने पाहायचं असतं.

पुन्हा वेळ आली तर "बाबांना बरं वाटत नाही" म्हणू नका, "येते हं" एवढंच ऐकायला मिळेल. असं सांगा : "सिस्टर, बारा नंबर. दुपारी मला नावाने हाक मारत होते, आता ओळखत नाहीत. श्वास २८. चारपासून लघवी नाही. तुम्ही येऊन मोजा." पाच-दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर ड्यूटी डॉक्टरांच्या खोलीचं दार वाजवा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. झोपमोडीबद्दल बोलणी बसतील, ती खाऊन घ्या.