दसऱ्याला गेलं, पाडव्याला परत आलं

प्रश्न : माझं वय ४३. शाळेच्या कार्यालयात बसून काम. यंदा नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास केला. दिवसभर पाणी आणि लिंबूपाणी, रात्री एक कप दूध, बस्स. घटस्थापनेला ७१.५ किलो होते, दसऱ्याला सकाळी काटा ६६ वर! शेजारणींनी विचारायला सुरुवात केली. पण कोजागरीला ६९ आणि दिवाळीच्या पाडव्याला ७२. म्हणजे होते त्याहून जास्त. सासूबाई हसून म्हणतात, ‘एकादशी, दुप्पट खाशी.’ पण मी दुप्पट खाल्लं नाही हो, शपथेवर सांगते. वजन टिकत का नाही? पुढच्या वेळी २१ दिवस केले तर टिकेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुम्ही दुप्पट खाल्लं नाही यावर माझा विश्वास आहे. शपथेची गरज नव्हती. घोळ आहे तो त्या ६६ च्या आकड्यात.

जरा हिशोब मांडू. तुमच्या शरीराला दिवसाला साधारण १७५० कॅलरी लागतात असं धरू. नऊ दिवसांच्या झाल्या पावणेसोळा हजार. त्यातून दूध आणि लिंबूपाण्यातली साखर वजा केली, की साडेचौदा हजारांच्या आसपास तूट पडते. एक किलो चरबी जळायला सुमारे ७७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे सगळी तूट चरबीतूनच भरून निघाली असती, तरी ती दोन किलोच्या आतच गेली असती. मग उरलेले साडेतीन किलो कुठले? आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिठूळ साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. पाचेकशे ग्रॅमचा तो साठा आपल्या तिप्पट पाणी धरून बसतो. उपवासाच्या पहिल्या दोन दिवसांत साठा संपतो आणि ते पाणीही निघून जातं. मीठ बंद झाल्याने आणखी थोडं पाणी जातं, आतडी रिकामी होतात. आणि, हे मात्र वाईट, थोडे स्नायूही झिजतात.

म्हणून कोजागरीला ६९ दिसले तेव्हा तुमचं काही बिघडलं नव्हतं. भात-पोळी सुरू झाल्यावर पाणी आपल्या जागी परत आलं, इतकंच. तुमची खरी कमाई होती अडीच किलो. ती कमी नाही! पण तुम्ही ६६ ला आपलं मानलंत, म्हणून ६९ बघून हिरमुसलात. मग ‘गेलंच सगळं, आता काय’ असं वाटून फराळाच्या डब्यांची झाकणं उघडली गेली असतील. चुकत असेन तर कळवा.

मला हे ठाऊक आहे, कारण तिशीत मीही हेच केलंय. नऊ दिवस ताठ मानेने काढले आणि दसऱ्याला श्रीखंड-पुरीचं पारणं. संध्याकाळी पोट इतकं फुगलं की सीमोल्लंघनाला बाहेर पडवेना. माझ्या सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र न विचारता मऊ भात, मेतकूट आणि चमचाभर तूप समोर ठेवलं. आहारशास्त्राची पदवी माझ्याकडे, अक्कल त्यांच्याकडे.

आपल्या कॅलेंडरचीही गंमत बघा. अंगात भूक सगळ्यांत खवळलेली असते तेव्हाच दसऱ्याचं श्रीखंड, पाच दिवसांनी कोजागरीचं आटीव दूध, मग तीन आठवडे पुरे होईतो चकली-करंजी. ही भूक मनाचा खेळ नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवून वजन उतरवलं होतं. त्याचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. वर्षानंतरही त्यांची भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेली सापडली. तेव्हा ‘माझ्यात निग्रह नाही’ हे रडगाणं बंद करा.

वजन टिकवायचं ते या तीन आठवड्यांत. पारणं मऊ खिचडी किंवा भात-मेतकूट, थोडं ताक, आणि तेही अर्ध्या पोटी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, शिवाय दही. चालत असतील तर दोन अंडी. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, कारण झिजलेले स्नायू भरून काढायचे आहेत. साबुदाण्याची खिचडी ‘हलकी’ म्हणून चालू ठेवू नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, नुसतं पीठ. रोज चाला, आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता दहा-दहा वेळा उठा-बसा. काट्यावर उभं राहायचं ते सातव्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी. तो आकडा वहीत लिहा. तिथून किलोभर वर गेलात की त्याच आठवड्यात लगाम लावायचा, संक्रांतीची वाट बघायची नाही. फराळ खा, पण वाटीत काढून आणि चहाबरोबर एकदाच. डबा मांडीवर घेऊन नको.

आता तुमचे २१ दिवस. नाही. स्कॉटलंडमधल्या अँगस बार्बिएरी या तरुणाने १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस अन्नाशिवाय काढले, २०७ किलोंवरून ८२ वर आला आणि पाच वर्षांनीही ८९ वरच होता. ही गोष्ट लोक फार सांगतात. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, रक्ततपासण्या चालू होत्या, जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम दिलं जात होतं. त्याच काळात अशा उपचारांत काही जण दगावलेही. लांब उपवासानंतर एकदम जेवलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर नऊ दिवसांचा कडक उपवाससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. देवीसाठी करायचा असेल तर उठता-बसता करा, पहिला आणि शेवटचा दिवस. तोही उपवासच.

श्रीखंडही जरूर खा. फक्त पारण्याच्या ताटात नको, दोन दिवसांनी दुपारच्या जेवणात, दोन पुऱ्यांबरोबर. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांच्याकडे मेतकूट घरचं असेल तर थोडं मागून घ्या.