अमेरिकेत पिस्तूल आणि रीलोडिंग: आधी व्हिसा बघा

तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर टेक्सासला येताय, दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव आहे. आल्या आल्या नाइन एमएमचं पिस्तूल घेता येईल का, आणि तोवर निदान काडतुसं भरायचं सामान जमवू का, असं विचारलंत. मी इथे बरीच वर्षं हँडगन चालवतो, काडतुसंही स्वतःच भरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पिस्तूल लगेच घेऊ नका. टेक्सासमध्ये बंदूक सहज मिळते हे खरं, पण तुम्हाला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा लागू होतो. नॉन-इमिग्रंट (म्हणजे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा, दोन्ही बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. मुख्य अपवाद म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. रेंजवर मित्राने क्षणभर हातात दिलेलं पिस्तूलसुद्धा ‘बाळगणं’ ठरू शकतं. आणि रीलोडिंगवाले (स्वतः काडतुसं भरणारे) हमखास विसरतात ते हे: कायद्याच्या व्याख्येत रिकामी केस (काडतुसाचं कवच), प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर (बंदुकीची दारू) आणि बुलेट (पुढची गोळी) हे सुटे भागही दारूगोळाच आहेत. म्हणजे सामान जमवणंही तेवढंच अडचणीचं. शिकार परवान्याच्या भरवशावर काही करायचं असेल तर आधी वकिलाला विचारा. उल्लंघनाला २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, व्हिसा जाईल तो वेगळाच. ग्रीन कार्ड आलं की ही मनाई उठते. तोवर एअर पिस्तूल सोडू नका. केंद्राच्या कायद्यात ती ‘फायरआर्म’ नाही. मात्र न्यू जर्सीसारख्या राज्यात बदली झाली तर तिथे एअरगनलाही बंदुकीचेच नियम आहेत.

आता रीलोडिंग, माझा जिव्हाळ्याचा विषय; हे सगळं मनाई उठल्यानंतरसाठी. स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. सुरुवात .३८ स्पेशल या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरने करा असं मी आग्रहाने सांगेन. रिव्हॉल्व्हर केसेस चहूकडे उडवत नाही, सगळ्या हातात परत येतात. प्रेस (काडतुसं भरायचं दाबयंत्र) साधा सिंगल-स्टेजच घ्या, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा. एका दांड्यात अनेक कामं करणाऱ्या प्रोग्रेसिव्हवर वेग मिळतो, पण नवख्याचं लक्ष एका वेळी चार ठिकाणी राहत नाही. डाय (केसला आकार देणारे साचे) कार्बाइड या कठीण धातूचे घेतलेत तर सरळ भिंतीच्या केसला वंगण लावावं लागत नाही.

.३८ मधला धोकाही ओळखून असा. ही केस मुळात जास्त जागा घेणाऱ्या जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठी बनलेली, त्यामुळे आजची पावडर तिच्या तळाशीच बसते आणि चुकून दोनदा पडली तरी वर सांडत नाही. पावडर ग्रेन या वजनात मोजतात, एका पाउंडात ७००० ग्रेन असतात, आणि आपण टाकतो ते मोजके चार-पाच. म्हणून पन्नास केसेस लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या करायच्या, पावडर टाकून झाली की टॉर्च तिरपा धरून प्रत्येकीत डोकवायचं. एखादीत पातळी वर दिसली की दुहेरी, नुसता तळ दिसला की रिकामी. मगच बुलेट बसवायची. मी आजही एकही ब्लॉक न बघता पुढे नेत नाही. पावडरचं माप फक्त छापील मॅन्युअलमधून घ्या, कमीत कमी आकड्यापासून. कुणी तोंडी सांगितलेलं वापरू नका.

रेंजवर ‘फट्’ असा दबका आवाज आला, धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी मारू नका. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार बघा. बुलेट आत अडकलेली असू शकते. आणि वापरलेल्या केसेस घोळवून साफ करणाऱ्या टम्बलर यंत्राच्या धुळीत शिसं असतं. तो घराबाहेर ठेवा, मुलांपासून लांब, आणि हात थंड पाण्याने साबण लावून धुवा.