आठ वर्षांच्या लेकीला नगरचं टँक म्युझियम दाखवायचंय? न्या की!

ताई, तुम्ही विचारलंय की पुण्याहून नगरचं टँक म्युझियम एका दिवसात होतं का, मुलगी आठ वर्षांची आहे, कंटाळेल का, आणि सासूबाई म्हणतायत मुलीला रणगाडे काय दाखवायचे. पहिल्याचं उत्तर हो, आरामात होतं. बाकी दोन्हींवर जरा सविस्तर लिहितो, कारण मी दोनदा गेलोय आणि पहिल्यांदा पार माती केली होती.

तेव्हा आम्ही दोन गाड्या भरून दहा जण निघालो, सकाळी शिंगणापूर, मग जेवण, मग "जाता जाता" म्युझियम. एप्रिल महिना, दुपारचे तीन, बहुतेक रणगाडे उघड्यावर, आणि आमच्या भाच्याने उतरल्या उतरल्या एका टँकला हात लावला तो असा चटका बसला की पुढचा अर्धा तास त्याला बर्फाचा गोळा शोधण्यात गेला. बघितलं काय तर काहीच नाही, फोटो तेवढे पन्नास.

दुसऱ्यांदा फक्त मी आणि लेक, ती तेव्हा आठचीच होती. डिसेंबरात गेलो, सकाळी साडेसहाला निघालो कारण वाघोली एकदा तुंबली की संपलं. साधारण १२० किलोमीटर आहे, मध्ये रांजणगावला दर्शन आणि चहा, तिथून सुप्यामार्गे नगर. नाव आता अहिल्यानगर झालंय पण आमच्या तोंडात अजून नगरच.

म्युझियम १९९४ साली आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने काढलंय, म्हणजे फौजेच्या रणगाडा दलाचं ट्रेनिंग जिथं होतं त्यांनीच. पन्नासेक गाड्या आहेत. "आशियातलं एकमेव" असं सगळीकडे लिहिलेलं दिसेल, ते आता सोडून द्या, जॉर्डनमध्ये २०१८ पासून मोठं टँक म्युझियम आहे. आपलं आहे तेवढं भारी आहेच की.

आता मुख्य सल्ला. सगळे पन्नास दाखवायला जाऊ नका. प्रत्येक पाटी वाचून दाखवलीत तर दहाव्या टँकला पोरगी "बाबा चला ना" सुरू करणार (तुमच्या केसमध्ये आई). मी तिला एकच काम दिलं, चाकं मोज. पट्ट्याच्या आतली, जमिनीवर टेकलेली. ती खरंच खाली बसून मोजायला लागली आणि मला ओरडून सांगायला लागली, पॅटन टँकला एका बाजूला सहा, चॅफी टँकला पाचच! जपानी हा-गो दिसला तेव्हा तर तिने त्याला "टँकचं बाळ" करून टाकलं, साडेसात टनाच्या आसपासचा आहे तो, चारच चाकं. शेजारी पन्नास टनाचा सेंच्युरियन टँक मनात धरा म्हणजे कळेल. रोल्स रॉइसची चिलखती गाडी बघून मात्र ती हसतच सुटली, ही लग्नाची गाडी आहे म्हणे.

मग पॅटनपाशी थांबलो. १९६५ ला पाकिस्तानकडे हे अमेरिकन पॅटन होते आणि आपल्या बऱ्याच टँकपेक्षा नवे होते. खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, चिखल झाला, टँक रुतले, आणि उभ्या उसाच्या आडून आपल्या तोफा चालल्या. अब्दुल हमीद तर जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन (टँक फोडायची हलकी तोफ) घेऊन लढले, तिथेच शहीद झाले, मरणोत्तर परमवीरचक्र. पोरीचा पहिला प्रश्न, जीप? टँकसमोर जीप?? तिला आकार डोळ्यासमोर होता म्हणून तो प्रश्न आला, पुस्तकात वाचून आला नसता.

सेंच्युरियनपाशी मी अरुण खेत्रपाल सांगितले, ते असल्याच टँकमधून लढले होते. जन्म आपल्या पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स, वय २१. १६ डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध, बसंतरची लढाई, टँकला आग लागली, बाहेर या म्हणून रेडिओवर हुकूम आला, पण गन अजून चालतेय म्हणून ते उतरले नाहीत. इथपर्यंत सगळेच सांगतात. मी पुढचंही सांगितलं, की २००१ मध्ये त्यांचे वडील, तेही फौजेतलेच, आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले, लाहोरला ज्या पाकिस्तानी ब्रिगेडियर नासर यांच्या घरी उतरले त्यांनी शेवटी स्वतःहून सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

लेक बराच वेळ टँकच्या पट्ट्यातला गंज नखाने खरवडत बसली. मग म्हणाली, "मग त्यांनी घरी राहायला का बोलावलं?" मला उत्तर आलं नाही आणि मी द्यायचा प्रयत्नही केला नाही. युद्ध दाखवावं की नाही हा तुमचा खरा प्रश्न असेल तर माझं मत असं, रक्त-बिक्त रंगवू नका, पण टँकच्या आत चार माणसं बसतात हे जरूर सांगा. मुलगा-मुलगी हा विषयच नाही, सासूबाईंनाही घेऊन जा!

बाकी किरकोळ: टोपी, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, ओळखपत्र (फौजी एरिया आहे), निघायच्या आधी फोन करून चालू आहे का विचारून घ्या. दोन-अडीच तास पुरतात. वेळ उरला तर चांदबिबी महालावर जा, भुईकोट किल्लाही आहे, नेहरूंना १९४२ पासून तिथंच ठेवलं होतं, पण पोर दमलं असेल तर सरळ घरी या.

येताना आमची मॅडम झोपेल असं वाटलं होतं. शिक्रापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून ऊस दिसला तर काच खाली करून म्हणते, "बाबा, ह्यात आपली गाडी लपेल का?" थांबवली मग गाडी. ऊस खांद्याएवढाच होता, टप दिसत होतं.