घरातल्या माणसाला मानसिक आजाराचा जोराचा झटका आला तर पोलिसांना बोलवावं का? परदेशासारखी घरी येणारी टीम आपल्याकडे मिळते का?

तुमचा भाऊ दोन दिवस दार लावून बसलाय, जेवत नाही, खिडकीतून ओरडतो आणि शेजारी पोलिसांना बोलवा म्हणतात, हे वाचून पोटात खड्डा पडला. माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया होऊन १४ वर्षं झाली.

आधी आत्ताचं बोलते. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. भाऊ बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः लावा. पण त्याच्याजवळ धारदार काही असेल किंवा तो जीव द्यायची भाषा करत असेल तर थांबू नका, ११२ किंवा १०८ लावा. पहिल्याच वाक्यात सांगा की माणूस आजारी आहे, औषध अमुक डॉक्टरांचं चालू आहे, हातात अमुक आहे किंवा काही नाही. हे आधी कानावर गेलं तर येणारा माणूस वेगळ्या तयारीने येतो.

आता टीमचं. एक नंबर फिरवला की दारात अशी टीम हजर, ही सोय आपल्या साध्या कुटुंबांच्या हाताशी अजून नाही. अमेरिकेत ओरेगनमधल्या युजीन शहरात व्हाइट बर्ड क्लिनिकने १९८९ साली 'काहूट्स' सुरू केलं. व्हॅनमधून दोघं यायची, एक वैद्यकीय मदतनीस आणि एक संकटात बोलायचं शिकलेला कार्यकर्ता. अंगावर गणवेश नाही, जवळ शस्त्र नाही. २०१९ मध्ये सुमारे २४ हजार कॉल आले आणि पोलिसांची कुमक मागायची वेळ शंभरात दोनदाही आली नाही. अर्थात, त्यात नुसती विचारपूस करण्याचे, कुणाला दवाखान्यात सोडण्याचे कॉलही पुष्कळ होते. तरीही काम मोठंच. पैशांअभावी एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधली ती सेवा बंद पडली, याचं मला फार वाईट वाटतं. डेन्व्हरमध्ये २०२० साली अशीच 'स्टार' व्हॅन सुरू झाली. पहिल्या सहा महिन्यांत ती ७४८ ठिकाणी गेली आणि एकालाही अटक झाली नाही.

शस्त्र नसलेला, घाई नसलेला माणूस दारात आला की काय होतं, ते मी घरी पाहिलंय. पहिल्या झटक्याला आम्ही घाबरून एका खासगी केंद्राची गाडी बोलावली. चौघे आले आणि त्यांनी आईच्याच ओढणीने दादाचे हात बांधले. पुढे कित्येक महिने खाली गाडी थांबली की तो पलंगाखाली जायचा. दुसऱ्या वेळी चौकीतून एक हवालदार आले. बूट बाहेर काढले, टोपी मांडीवर ठेवली आणि खोलीच्या उंबऱ्याशी फरशीवर बसले. "दादा, मला चहा सांगितलाय, तुम्हाला सांगू का?" एवढंच विचारलं आणि गप्प. पाऊण तासाने कडी निघाली. म्हणून पोलीस नकोच, असं मी म्हणणार नाही. कसे येतात त्यावर सगळं आहे.

कायदा थोडा माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार पोलिसांनी अशा माणसाला संरक्षणात घेतलं तर लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. जीव धोक्यात असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर घरी येऊनसुद्धा ७२ तासांपर्यंतचे तातडीचे उपचार करू शकतो, दवाखान्यात पोचवण्याची तजवीजही त्यातच येते. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हे सांगा, बरेच जण हात झटकतात.

झटका ओसरला की भावाकडून साध्या कागदावर लिहून घ्या की माझ्या वतीने अमुक माणसाने निर्णय घ्यावा, आणि सही घ्या. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. दादाने माझं नाव लिहिलं आणि खाली स्वतःहून दोन ओळी घातल्या: "बांधू नका. गाडीत पुढच्या सीटवर बसवा." तो कागद माझ्या पर्समध्ये असतो, झेरॉक्स डॉक्टरांकडे.

तुमचा जिल्हा कोणता आणि भाऊ शेवटचा कधी नीट झोपला, एवढं खाली लिहा. रात्री परत बघते.