मुठीवरचे गरुडचिन्ह तपासताना

1930च्या दशकात झोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहरात घडवलेल्या, लष्करी गणवेशासोबत मिरवायच्या संगिनींच्या मुठी सहसा काळ्या, चौकड्यांच्या नक्षीच्या असत आणि त्यांवर चिन्ह नसे. म्हणून अशा मुठीवर गरुड दिसला, तर तो मागाहून बसवलेला असावा, असेच आधी धरून चालावे. पोलिसांच्या संगिनीची गोष्ट निराळी आहे, कारण तिच्या हरणाच्या शिंगाच्या मुठीवर धातूचा गरुड मुळातच असे, आणि बनावट नग करणाऱ्यांची खरी मेहनतही तिथेच दिसते.

ते चिन्ह तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहावे. मूळ नगाचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत पिसांच्या रेषा बोथट होतात आणि खोलगट भागांत बारीक छिद्रे राहतात. त्याहून बोलकी असते ती कड: तिच्यालगत वर्षानुवर्षांचा मळ घट्ट बसलेला हवा. तिथले शिंग ताजे कोरल्यासारखे पांढरे दिसले किंवा गोंद चमकला, तर विक्रेत्याची कहाणी कितीही गोड असली तरी पैसे खिशातच ठेवावेत. गरुडाच्या चिन्हातले नाझी स्वस्तिक घासून काढलेले असेल, तर ते चिन्ह मात्र लगेच खोटे ठरवू नये; 1945 नंतर स्वस्तिक मुद्दाम घासले गेल्याची उदाहरणे आहेत. खात्रीसाठी चिन्ह उचकटण्याचा मोह टाळावा, कारण मागच्या खुंट्या सहज मोडतात.